मागल्या पिकाचा बेवड

शास्त्रपाठ : मत्तय १३:१-९ व १८-२३, योहान ४:३६-३८, २ तीमथ्य १:३-५



पेरणाऱ्याचा दाखला आपणांपैकी प्रत्येकाने शब्बाथ शाळेत ऐकलेला आहे. वाट, खडकाळ जमीन, काटेरी जमीन आणि चांगली जमीन हे चार प्रकार लहान मुलेही बोटांवर मोजून सांगतात. त्यावर उपदेश होतो तेव्हा शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो : 'तुमचे अंतःकरण यांपैकी कोणती जमीन आहे?' प्रश्न योग्य आहे. प्रत्येकाने तो स्वतःला विचारलाच पाहिजे. परंतु आज आम्ही त्याच्या मागे उभा असलेला दुसरा एक प्रश्न आपणांपुढे ठेवू इच्छितो. ही जमीन अशी झाली कशाने?

वाट काही जन्मतः वाट नसते. तीही एके काळी शेतच होती. माणसे व जनावरे तिच्यावरून येत-जात राहिली म्हणून ती घट्ट झाली. लूकाने हा दाखला लिहिताना वाटेवर पडलेले बी पायांखाली तुडवले गेले असेही नमूद केले आहे (लूक ८:५). म्हणजे बी पडण्यापूर्वी जमिनीवर काहीतरी घडून गेलेले असते, आणि जे घडून गेले त्यावर बी रुजणे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आमच्या शेतकऱ्यांजवळ यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे. तो म्हणजे बेवड. एक पीक निघून गेल्यावर त्याचा जो बरावाईट परिणाम जमिनीत मागे राहतो आणि पुढच्या पिकाला भोगावा लागतो, तो त्या पिकाचा बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, असे शेतकरी सहज बोलून जातात. शेतात आज काय पेरले आहे एवढेच पाहून ते थांबत नाहीत. याआधी येथे काय होते, हेही विचारतात.

आता गव्हाचेच उदाहरण घेऊ. इंदूर, उज्जैन, देवास या माळव्याच्या काळ्या जमिनीत गहू पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. पूर्वी पुष्कळ शेते पावसाळाभर मोकळी ठेवीत आणि जमिनीत साठलेल्या ओलीवर रब्बीत गहू घेत. १९७० नंतर तेथे सोयाबीन पसरले, आणि आता बहुतेक ठिकाणी खरिपात सोयाबीन व रब्बीत गहू असा क्रम चालतो. म्हणजे मार्च महिन्यात गहू निघतो, आणि त्याने जशी जमीन मागे ठेवली असेल तशा जमिनीत मृग-आर्द्रांच्या पावसावर सोयाबीनचे बी पडते.

गहू जमिनीला काय करतो? त्याचे मूळ सोटासारखे एकच नसते. ते तंतूंच्या झुबक्यासारखे असते. बियाण्यातून निघालेली पहिली मुळे खाली जातात, आणि पेरणीनंतर सुमारे २१ दिवसांनी खोडाच्या बुडाशी मुकुटमुळे फुटू लागतात. म्हणून त्या वेळचे पाणी शेतकरी चुकवीत नाहीत. पुढे ही मुळे एक मीटर आणि त्याहूनही खोल उतरतात. मुळांतून एक चिकट रस पाझरतो. त्यावर मातीतील सूक्ष्म जीव पोसले जातात, बुरशीचे बारीक धागे मातीच्या कणांना वेढतात, आणि सुटे कण एकमेकांस धरून त्यांचे लहान लहान दाणे बनतात. दोन दाण्यांमध्ये जागा राहते. त्या जागेतून हवा खेळते, पाणी मुरते. याच जमिनीला आपण भुसभुशीत म्हणतो.

गहू कापला जातो, परंतु त्याची मुळे जमिनीतच राहतात. ती मरतात, कुजतात, आणि जेथे मूळ होते तेथे एक बारीक पोकळ वाट उरते. अशा असंख्य वाटा मातीत तयार होतात. पावसाचे पाणी त्यांतून खाली जाते, आणि पुढच्या पिकाचे कोवळे मूळ त्यांतूनच आपला मार्ग काढते. मेलेल्या गव्हाने केलेली वाट सोयाबीनच्या रोपाला आयती मिळते. गव्हाचा दाणा मेल्यावाचून फळ देत नाही असे प्रभूने म्हटले (योहान १२:२४), त्याचा अर्थ कणसापुरताच नाही असे आम्हांस वाटते. वरचे फळ आपण कोठारात नेतो. खालचे फळ जमिनीतच राहते, आणि ते दुसऱ्यासाठी असते.

योहानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू शिष्यांना हेच सांगतो. एक पेरतो व दुसरा कापतो. ज्यासाठी तुम्ही श्रम केले नाहीत ते कापायला मी तुम्हांला पाठवले आहे. तीमथ्याकडे पाहा. पौल लुस्त्रात आला तेव्हा त्याला हा तरुण शिष्य तयार मिळाला. परंतु पौल स्वतःच्या श्रमाची बढाई मारीत नाही. तीमथ्याच्या ठायी असलेला निष्कपट विश्वास आधी आजी लोईस हिच्या ठायी होता, मग आई युनीके हिच्या ठायी होता, हे तो आवर्जून लिहितो. तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता (प्रेषितांची कृत्ये १६:१). घरात सारे काही अनुकूल होते असे नाही. तरी दोन स्त्रियांच्या विश्वासाची मुळे त्या घराच्या जमिनीत खोल गेली होती. लोईसबाईंनी कोठे मोठा उपदेश केल्याची नोंद नाही. त्यांचा बेवड मात्र उत्तम होता.

आता गंभीर गोष्टीकडे येऊ. गव्हाने चांगली केलेली जमीन पुढच्या पेरणीआधीच बिघडवता येते, आणि ती तीन रीतींनी बिघडते. मंडळीतही नेमके हेच घडत असते, म्हणून या तिन्ही रीती आपण समजून घेऊ.

पहिली रीत जाळण्याची. यंत्राने गहू कापला की शेतात काडाचे उभे खुंट राहतात. माळव्यात त्यांस नरवाई म्हणतात. सरकारची बंदी असूनही पुष्कळ ठिकाणी तिला काडी लावतात. काही तासांत शेत स्वच्छ होते आणि नांगराला अडथळा राहत नाही. परंतु काडातील कर्ब व बराचसा नत्र धूर होऊन जातो, वरच्या थरातील उपयोगी जीव होरपळतात, आणि मातीचे दाणे धरून ठेवणारा अंश पुढच्या वर्षासाठी मिळत नाही. शेत स्वच्छ दिसते पण गरीब होते.

आपल्या घरांतून अशी स्वच्छता चालली आहे काय? आजोबांचे खुणा केलेले पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत'ची जुनी प्रत माळ्यावरून थेट रद्दीत गेली. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना 'आता कोणाला वेळ आहे' म्हणून बंद झाली. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव येथील आपली मुले हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड अथवा इंग्रजी शाळांतून शिकतात. मराठी शास्त्र हाती घेतले की त्यांची अक्षरे अडतात. त्यांत मुलांचा दोष नाही, आणि देव एकाच भाषेत बोलतो असेही नाही. त्यांना वाचता येईल त्या भाषेत वाचू द्या. परंतु आपल्या घराण्यात पहिला बाप्तिस्मा कोणी घेतला, त्याला काय सोसावे लागले, कोणत्या आजीने उपाशी राहून प्रार्थना केली, हे जर आपण सांगितलेच नाही, तर ते काड आपणच जाळले असे होईल. स्तोत्र ७८ मध्ये पुढच्या पिढीपासून देवाची कृत्ये लपवून न ठेवण्याचा निश्चय केलेला आहे. तो एकदा घरात बसून वाचा.

दुसरी रीत दडपण्याची. मार्चमध्ये अवकाळी पाऊस पडतो, जमीन ओली असते, तरी पीक पदरात पाडून घेण्याची घाई असते. अशा वेळी जड यंत्र शेतातून फिरले की खालची माती दबून तिचा एक घट्ट थर होतो. तो वरून दिसत नाही. वखर फिरवला की वरची माती मऊ दिसते, बी उगवतेही. परंतु मूळ त्या थराशी येऊन थांबते आणि पाऊस ओढला की रोप सुकते. खडकाळ जमिनीविषयी प्रभू काय म्हणाला? माती खोल नव्हती म्हणून बी लवकर उगवले, आणि मूळ नव्हते म्हणून वाळून गेले. लवकर उगवणे ही प्रत्येक वेळी आनंदाचीच खूण नसते. वर्षअखेरीस आकडे, अहवाल, वर्गणी आणि मोठा मेळावा यांची घाई करताना आपण ओल्या जमिनीवर जड चाके फिरवीत तर नाही ना? ज्याचा नुकताच शोक झाला आहे, ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे, अशा कुटुंबाकडे वर्गणीची पावती घेऊन जाणारा मंडळीचा कारभारी वाफसा न पाहता शेतात उतरतो.

याच रीतीचे दुसरे अंग म्हणजे माती फार बारीक करणे. मोठी ढेकळे राहिली तर बी पोकळीत लोंबकळते व ओलीअभावी वाळते, हे खरे. पण माती पिठासारखी केली तरी धोका असतो. पहिल्या जोरदार सरीने ती चोपली जाते आणि ऊन पडले की वर कडक पापडी धरते. गव्हाचा कोंब सुईसारखा टोकदार असल्यामुळे एखादे वेळी निसटून वर येतो. सोयाबीनचे तसे नाही. त्याला आपली दोन्ही दले डोक्यावर घेऊन, मान वाकवून वर यावे लागते. पापडी कडक असली की ती मान मोडते. बी चांगले, ओल चांगली, आणि तरी रोप मातीखालीच मरते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट मनात धरावी. मूल आपला पहिला खरा प्रश्न असाच मान वाकवून वर आणते. 'देवाने माझ्या लहान भावाला बरे का केले नाही?' 'बाबा मंडळीत प्रार्थना करतात आणि घरी आईला मारतात, असे का?' या प्रश्नावर 'गप्प बस, पाठांतर म्हण' अशी पापडी धरलेली असेल, तर ती कोवळी मान मोडेल, आणि आपल्याला कळणारही नाही. ते मूल नंतर काही वर्षे वर्गात येत राहील, बक्षीसही घेईल. पंधराव्या वर्षी ते येईनासे झाले की आपण म्हणू, 'जगाचे वारे लागले.' वारे तर लागलेच, परंतु उगवण त्याआधीच मेली होती.

तिसरी रीत घाईने पुरण्याची. काड जाळू नये हे ज्याला कळले, तोही कधी कधी ते ओल्या जमिनीत पुरून लागलीच वर बी पेरतो. गव्हाच्या काडात एक भाग नत्राला सुमारे ८० भाग कर्ब असतो. ते कुजवणारे जीव आपली भूक भागवण्यासाठी भोवतीच्या मातीतला नत्र ओढून घेतात, आणि नव्या पिकाला काही काळ तो कमी पडतो. शिवाय कुजण्याच्या पहिल्या अवस्थेत, विशेषतः पाणी साचून हवा कोंडलेली असेल तर, काही आंबट द्रव्ये सुटतात. ती बियाण्याच्या कोवळ्या मुळाला बाधतात. मार्चपासून जूनपर्यंत कोरड्या मातीत पडलेले काड फारसे कुजतच नाही. पाऊस पडला की ते कुजू लागते, आणि नेमकी तीच पेरणीची वेळ असते. म्हणून जाणते शेतकरी काड बारीक करून जमिनीच्या वर आच्छादनासारखे ठेवतात, किंवा त्याचे खत करतात, किंवा पुरले तर कुजायला अवधी देतात. काड वाईट नाही. पुढे तेच जमिनीचे अन्न होणार आहे. वाईट आहे ती हवा न देता पुरण्याची घाई.

मंडळीतील भांडणाचे असेच असते. दोन घराण्यांत निवडणुकीवरून, स्मशानभूमीवरून अथवा मालमत्तेवरून वाद होतो. मग कोणीतरी म्हणतो, 'झाले गेले विसरा, रविवारपासून उपासना सुरळीत करा.' वाद जमिनीखाली जातो, आणि त्याच जमिनीवर दुसऱ्या आठवड्यात आपण वचनाचे बी टाकतो. ते उगवत नाही तेव्हा पाळकांच्या उपदेशात दम नाही असे म्हणतो. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर वेदीपाशी अर्पण ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभूने सांगितले (मत्तय ५:२३-२४). जाणे, बसणे, ऐकणे, कबूल करणे ही हवा आहे. तिला वेळ लागतो. परंतु अशा रीतीने जिरलेले भांडणदेखील पुढे मंडळीला शहाणपणाचे खत होते.

येथे कोणी विचारील, 'आमच्या वाडवडिलांनी तर जमीन नापीकच करून ठेवली. बाप दारूत गेला, मंडळी दोन तुकड्यांत गेली. मग आम्ही काय आशा धरावी?' बंधूंनो, बेवड म्हणजे नशीब नव्हे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात चालू नये असे प्रभूने यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात बजावले आहे. आणि जमीनही हीच साक्ष देते.

इंदुरात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड नावाचे शास्त्रज्ञ आले. ते १९०५ पासून बिहारातील पुसा येथे आपल्या पत्नी गॅब्रिएल यांच्यासह गव्हाच्या नव्या जाती तयार करीत असत. चांगले बी पुरेसे नाही, जमीनही हवी, हे त्यांना कळून चुकले होते. इंदूरच्या संस्थेत त्यांनी व यशवंत वाड यांनी शेतातील पालापाचोळा, काड, शेण, गोठ्यातील मूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ते परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसवली. १९३१ साली ती दोघांच्या पुस्तकातून जगापुढे आली, आणि आजही 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखली जाते. लोक जे टाकून देत अथवा जाळीत, त्याचेच त्यांनी जमिनीसाठी अन्न केले.

इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. शेतातील एका पट्ट्याला दरवर्षी शेणखत मिळते, आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही. शेणखताच्या पट्ट्यातील सेंद्रिय कर्ब आज दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे. जमीन तीच होती. वर्षानुवर्षे टोपली टोपली टाकलेल्या खताने हा फरक पडला. त्याच शेताच्या एका कडेला १८८२ साली उभा गहू न कापता तसाच सोडून दिला. माणसाने हात लावला नाही तर गहू आपला आपण टिकेल काय, हे पाहावयाचे होते. चौथ्या वर्षापर्यंत तेथे मोजकी, खुरटी रोपे उरली. पुढे त्या जागेच्या एका भागात झाडांचे रान झाले.

म्हणून दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. निगा राखली तर गरीब जमीन सुधारते. निगा सोडली तर चार वर्षांत गहू नाहीसा होतो. एका पिढीने पेरले म्हणून पुढच्या पिढीत विश्वास आपोआप उगवत राहील, असे समजू नका.

लूकाच्या तेराव्या अध्यायात अंजिराचे एक झाड आहे. तीन वर्षे फळ नाही, म्हणून धनी ते तोडावयास सांगतो. तेव्हा माळी मध्ये पडतो. हे वर्षभर राहू द्या, मी त्याच्या भोवती खणून खत घालतो, अशी तो विनंती करतो. तो झाडाची वकिली करून थांबत नाही. जमिनीत स्वतःचे हात घालण्याचे तो कबूल करतो. या माळ्यात आम्ही आपल्या प्रभूला पाहतो. त्याने स्वतःचा देह गव्हाच्या दाण्याप्रमाणे जमिनीत दिला, आणि त्याच्या मरणाने उघडलेल्या वाटेने आपली कोवळी मुळे आज जीवनाच्या पाण्यापर्यंत पोचतात. आपण सर्व त्याच्याच बेवडावर उभे आहोत. म्हणून या वर्षी आपणही कोणाच्या तरी भोवती खणू या व खत घालू या.

शब्बाथ शाळेसाठी एक सोपा पाठ सुचवतो. दोन काचेचे पेले पाण्याने भरा. बांधावरच्या गवताच्या मुळाशी असलेल्या मातीचे एक वाळलेले ढेकूळ, आणि वारंवार नांगरलेल्या उघड्या शेतातले तसेच एक ढेकूळ, दोन्ही एकाच वेळी हळूच पाण्यात सोडा. मुळांनी धरलेले ढेकूळ बहुधा टिकून राहील, आणि दुसरे विरघळून पाणी गढूळ होईल. मुलांना आधी काही सांगू नका. त्यांनाच विचारा, 'असे का झाले?' मग संकटाच्या पाण्यात कोणते घर टिकते ते मत्तय ७:२४-२७ मधून वाचा. शेवटी प्रत्येक मुलाला घरी जाऊन एक प्रश्न विचारावयास सांगा : 'आपल्या घरात प्रभूला सर्वांत आधी कोणी ओळखले?' पुढच्या रविवारी त्यांची उत्तरे शांतपणे ऐकून घ्या. ज्याला उत्तर मिळाले नाही त्याला सांगा, 'तुझ्या घरातला तो पहिला तू होऊ शकतोस.'

प्रार्थना : हे देवबापा, ज्यांच्या श्रमात आम्ही वाटेकरी झालो त्यांच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. आम्ही जे जाळले, जे दडपले, जे घाईने पुरले, त्याची आम्हांला क्षमा कर. आमची घरे व आमची मंडळी तुझ्या आत्म्याने भुसभुशीत कर. आम्ही निघून गेल्यावर या जमिनीत जे राहील त्यावर आमच्या मुलाबाळांमध्ये तुझे वचन रुजो. येशूच्या नावाने मागतो. आमेन.